बलभीम मास्तरांचा वरचा सूर

परंड्यात वराती डीजेपुढं नाचायला लागल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याआधी वरातीपुढं बँड असायचा, आणि बँडच्या पुढं लाल कोट घातलेले बलभीम मास्तर. गळ्यात सॅक्सोफोन, गाल टरटरून फुगलेले. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नाही, पण बँडचा म्होरक्या म्हणून सगळा गाव त्यांना मास्तरच म्हणायचा.

वरात वेशीपाशी आली की मास्तर एक चाल वाजवायचे. ती त्यांनीच बसवलेली होती. बराच वेळ ती खालच्या सुरांत घुटमळायची आणि शेवटी एकदम वर चढायची. त्या वरच्या सुरावर मास्तर इतका वेळ थांबायचे की नवरदेवाच्या घोड्याचेही कान ताठ व्हायचे. गावात तिला वेशीची चाल म्हणत. पुढं सुपाऱ्या थांबल्या, बँड मोडला, वाजवणारे पुण्याला कामाला गेले. मास्तर मात्र रोज दुपारी घरात बाजा काढून बसत. कुणी विचारलं तर म्हणत, "गंजू नये म्हणून वाजवतो."

मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या दीपमालाबाईंनी चार लोकांना हाताशी धरून बाजारामागचं कापसाचं जुनं गोदाम झाडून घेतलं, चुना मारला आणि गावासाठी कार्यक्रमांची जागा केली. यंदा त्यांच्या मनात मोठा बेत होता. भिंतींवर चित्रं लावायची, देवीच्या आराधी बायकांची गाणी ठेवायची आणि पुण्याहून जाझ वाजवणारा संच आणायचा. जाझ म्हणजे काय हे सांगता सांगता त्यांचा घसा बसला. शेवटी एका किराणा दुकानात त्या म्हणाल्या, "एक चाल धरायची, आणि मग ज्यानं त्यानं आपल्या मनानं तिच्यात भर घालायची."

दुकानदार म्हणाला, "म्हंजे आपले बलभीम मास्तर करायचे तसंच की!"

बाई तशाच मास्तरांच्या घरी गेल्या. वेशीची चाल मोबाइलवर उतरवून घेतली आणि पुण्याला पाठवली. त्या संचाची प्रमुख शिवप्रिया नावाची तिशीतली मुलगी होती. तीही सॅक्सोफोनच वाजवायची. तिनं लगेच कळवलं की ही चाल आम्हाला मास्तरांबरोबर वाजवायचीच आहे.

मास्तर हरखून गेले. रोज दुपारी वाजवायचे ते सकाळ-संध्याकाळ वाजवू लागले. आणि तिथंच घात झाला. सॅक्सोफोन वाजवताना वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकवावे लागतात. मास्तरांचे ते दात आधीपासूनच हलत होते. इतक्या रियाजानं दातांनी उरलासुरला धीर सोडला. एक सुटला, बाकीचे लोंबायला लागले. कुर्डुवाडीच्या डॉक्टरांनी पुढचे सगळेच काढले. म्हणाले, "हिरड्या भरायला वेळ द्या. दिवाळीच्या सुमाराला पक्की कवळी बसवू."

"कार्यक्रम श्रावणात हाय, डॉक्टर."

"हिरड्यांना ते कोण सांगणार?"

मास्तरांनी हट्टानं तात्पुरती कवळी करून घेतली. घरी येऊन पहिली फुंक मारली आणि कवळी निसटून माउथपीसबरोबर बाहेर आली. त्यांच्या बायकोला, विठाबाईला, हसू आवरेना. मास्तरांनी कवळी वाटीत टाकली ती पुन्हा जेवायलासुद्धा लावली नाही. मग ओठ आत दुमडून, नुसत्या हिरडीवर माउथपीस धरून वाजवायचा प्रयत्न सुरू झाला. खालचे सूर कसेबसे यायचे. वर चढलं की कडेनं वारा सुटायचा आणि बाज्यातून कोंबडीचा गळा धरल्यासारखा आवाज निघायचा. हिरड्या सुजल्या, ओठ सोलला. मास्तर भिंतीवर डाफरायचे, मांजरावर डाफरायचे.

त्यात आणखी एक जळफळाट होता. कार्यक्रमात आराधी गाणी म्हणणार होत्या त्या विठाबाई आणि त्यांच्या मैत्रिणी. विठाबाईला तयारीची काही फिकीरच नव्हती.

"अगं, एकदा तरी बसून म्हणून बघा की सगळ्या," मास्तर म्हणाले.

"काय म्हणून बघायचं? देवीचं गाणं येतंय आमाला."

"आन् स्टेजवर इसरलीस तर?"

"इसरलं तर शेजारची म्हणंल. तुमी तुमच्या व्हटाला लोणी लावा."

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात मास्तर गोदामावर गेले. आपल्याला जमणार नाही असं दीपमालाबाईंना सांगून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दारातच त्यांना स्वतःचं भलंमोठं चित्र दिसलं. बाईंनी जुन्या फोटोवरून रंगवलेलं होतं: लाल कोट, काळ्या मिशा, फुगलेले गाल.

"आवडलं का, मामा?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी नुसती मान हलवली. जमणार नाही हे वाक्य घेऊन ते आले होते तसेच परत गेले. घरी आल्यावर विठाबाईला म्हणाले, "ज्याचं चित्र काढलंय त्यालाच बोलवा म्हणावं. म्या कोण?"

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी पुण्याचा संच आला. शिवप्रिया आधी मास्तरांच्या पाया पडली. मग सगळे तालमीला बसले. खालचा भाग सुरेख झाला. पाठीमागचा ड्रम आणि जाड तारांचा तो मोठा बाजा चालीला असे बिलगले की मास्तरांचा चेहरा उजळला. पण चाल वर चढली आणि सूर फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला.

शिवप्रिया हळू आवाजात म्हणाली, "काका, आपण सगळेच खालच्या पट्टीत घेऊ या का? चाल तीच राहील."

"न्हाय."

"कुणाला कळणारही नाही, काका."

"मला कळंल की. वेशीतनं वरात मान खाली घालून जात असती का?"

तिनं पट्टी तशीच ठेवली.

संध्याकाळी गोदाम माणसांनी भरून गेलं. आधी आराधी बायका उठल्या. विठाबाईनं झांज हातात घेतली, डोळे मिटले आणि पहिल्याच ओळीला सगळ्यांच्या अंगावर काटा आणला. मधेच ती खरंच एक कडवं विसरली; शेजारणीनं ते उचललं आणि गाणं पुढं गेलं. टाळ्या थांबेनात. मास्तर पडद्याआड ओला रुमाल ओठांवर धरून उभे होते. बायकोचं कौतुक वाटत होतं आणि रागही येत होता. इतकं सोपं असतं का कुठं?

मग त्यांचं नाव पुकारलं गेलं. मास्तरांनी चाल धरली. जुनी माणसं खुर्चीत सावरून बसली. पुण्याच्या संचानं चाल वळवली, खेळवली, पुन्हा मास्तरांच्या हाती दिली. मास्तर वर चढले. सूर लागला, क्षणभर टिकला आणि फाटला. गोदामात कुणीतरी फिस्सकन हसलं.

मास्तरांनी बाजा तोंडातून काढला, ओठ जिभेनं ओला केला, छातीत वारा भरून घेतला. तेवढ्यात शेजारून शिवप्रियानं तो सूर उचलला. स्वच्छ, भरदार, लांबच लांब. गोदाम टाळ्यांनी दणाणलं. मास्तरांच्या छातीतला श्वास छातीतच राहिला.

पुढं सत्कार झाला, शाल-नारळ झाला. मास्तरांनी नारळ घेतला, शाल दीपमालाबाईंच्या हातातच राहू दिली आणि ते मागच्या दारानं बाहेर पडले. शिवप्रिया धावत मागं आली.

"काका, खूप सुंदर झालं!"

"खोटं बोलू नगा. माजा सूर तुमी कामून घेतला?"

ती गडबडली. "तो तुटला ना, म्हणून... मला वाटलं, सांभाळून घ्यावं."

"तुटला तर तुटू द्यायचा. म्या दुसरा दम घ्यायलो होतो. दिसलं न्हाय तुमाला?"

तिनं मान खाली घातली. "दिसलं होतं," ती म्हणाली. "पण लोक हसले, आणि मीच घाबरले."

मास्तरांना वाटलं होतं, ती कारणं सांगेल. तसं झालं असतं तर त्यांना मोकळेपणानं भांडता आलं असतं. आता राग कुणावर काढायचा हेच कळेना. "बरं वाजवता तुमी," ते तुटकपणे म्हणाले. "पर दुसऱ्याच्या दमाला थांबायला शिका." आणि चालायला लागले.

वाटेत विठाबाईनं त्यांना गाठलं. "अवो, माजंबी कडवं रखमीनं म्हटलं की. म्या रुसले का?"

"तुमचं गाणं समद्यांचं हाय. ही चाल माजी हाय."

विठाबाईनं त्यांच्या हातातून नारळ तेवढा काढून घेतला.

दिवाळीच्या सुमाराला पक्की कवळी बसली. मास्तरांना वाटलं होतं, दात आले की सूर येईल. तसं काही झालं नाही. ओठांची पकड बदलली होती, जबड्याची सवय मोडली होती. वरचा सूर एखाद्या दिवशी यायचा, मग आठवडाभर तोंड दाखवायचा नाही. आणि आला तरी पूर्वीसारखा रुंद नसायचा, वातीसारखा बारीक असायचा. शिवप्रियाचा दोनदा फोन आला. पुण्याच्या कार्यक्रमाला या म्हणाली. यावेळी मी शेवटपर्यंत थांबेन, असंही म्हणाली. मास्तर म्हणाले, "बघू." दीपमालाबाई येऊन गेल्या, त्यांनाही हेच उत्तर मिळालं. येतो म्हणायचा धीर होत नव्हता आणि नाही म्हणवत नव्हतं.

संक्रांतीच्या आसपास विठाबाईच्या बहिणीचा तेर गावाहून फोन आला. आतल्या खोलीत बाजा किंचाळत होता, थांबत होता, आणि मधल्या वेळात मास्तरांचा चढलेला आवाज ऐकू येत होता.

"ह्यो कसला दंगा हाय गं? भावजी कुठं हायेत?" बहिणीनं विचारलं.

"घरातच हायेत की," विठाबाई म्हणाली. "बाज्यासंगं भांडायलेत. तू बोल."