केळीखालचा पाईप

आमचं जळगाव पाईपांचं गाव. इथून ट्रक भरभरून पाईप कुठे कुठे जातात, आणि आमच्या घरात मात्र संडासात ओतलेलं बादलीभर पाणी जाण्याऐवजी वर येऊ लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सकाळची घाई, मला डाळमिलच्या ऑफिसात पोचायचं, आणि नवरोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "थोडं थांब, जाईल आपोआप." आमच्या घरात आपोआप काही होत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

ते आपोआप गेलं नाहीच. मग आम्ही शेजारच्या काकूंकडे जायला लागलो. त्या बिचाऱ्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण रोज भल्या सकाळी त्यांचं दार वाजवायचं म्हणजे मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रिकाम्या हाताने जाववत नसे. कधी वाटीभर चटणी न्यायची, कधी चार पापड. संडासाला जाताना पापड घेऊन जाणारी बाई जळगावात मी एकटीच असेन.

शेवटी प्लंबर आणला. धुळ्याकडचा माणूस, बोलायला मोकळा. त्याच्याकडे लांबलचक केबल आणि तिच्या टोकाला बोटाएवढा कॅमेरा. चेंबरचं झाकण उघडून त्याने तो पाईपात सोडला आणि आम्ही त्या छोट्या स्क्रीनभोवती मॅच बघायला जमावं तसे जमलो. मी, नवरा आणि माझे सासरे, म्हणजे आमचे आबा. आबांना तर खुर्चीच आणून दिली.

थोडा वेळ नुसता अंधार आणि ओल दिसली. मग पाईपाचा जोड आला. जोडाच्या फटीतून काळी रबराची पट्टी आत लोंबत होती.

"हाई काय शे?" प्लंबर बुचकळ्यात पडला.

"सायकलच्या ट्यूबची पट्टी," आबा ताठ बसून म्हणाले. "मीच बांधेल हाये."

घर बांधलं तेव्हा देखरेखीला आबा होते. रावेरकडच्या आमच्या केळीच्या शेतातले उरलेले पाईप त्यांनी ट्रॅक्टरवर घालून आणले, गवंड्याला चहाला पाठवलं आणि शेतात जोडतात तसे एकात एक खुपसून, वरून रबर आवळून जमिनीत पुरले. शेतात पाण्याचे पाईप कोणी चिकटवत नाही. आज या तुकड्यात, उद्या त्या तुकड्यात. काढता आले पाहिजेत.

"पाईप कधी चिटकवाचा नसतो, माय," आबा मला समजावू लागले. "उद्या हालवाचा असला, मंग?"

"संडास कुठे हालवणार होतात, आबा?" मी विचारलं. त्यावर ते ऐकू न आल्यासारखे स्क्रीनकडे बघत राहिले.

कॅमेरा पुढे सरकला आणि सगळं पांढरंच दिसायला लागलं. मुळ्या. प्रत्येक सैल जोडातून आत शिरून त्यांनी पाईप गच्च भरून टाकला होता.

"बठ्ठ्या मुळ्याच मुळ्या शेतस," प्लंबर म्हणाला. "पाईप बदलना पडी. अन् वरनी केळ काढनी पडी."

आबांचा चेहरा एकदम उतरला. मला घरामागच्या त्या केळीखालच्या चिखलाचा आणि डासांचा राग होताच. केळ काढा म्हणून मी कितीदा सांगितलं होतं. सोनारानेच कान टोचले ते बरं झालं, असं मला वाटायला हवं होतं. पण आबांकडे बघून वाटलं नाही.

सासूबाई गेल्या, आबांचे गुडघे गेले, शेती थोरल्या दिरांकडे गेली आणि आबा आमच्याकडे आले. येताना शेतातलं एक पिल आणलं होतं. केळीच्या बुंध्याशी जे पोर फुटतं त्याला आमच्याकडे पिल म्हणतात. ते त्यांनी घराच्या मागच्या चिंचोळ्या पट्टीत लावलं. सकाळचा चहा ते तिथेच घेत, पानं पुसत, केळीशी बोलत. खुंटीवर त्यांची एक कापडी पिशवी कायम भरलेली असे, आत दोन धोतरं आणि टोपी. माझ्याशी खटका उडाला की पिशवी काखेत मारायची आणि म्हणायचं, "मी चाललो गावाले." मग मागे जाऊन केळीकडे बघून यायचं आणि पिशवी पुन्हा खुंटीला. "घड उतरू दे, मंग जाईन."

या वेळी घड लागलेला होता, पण पार कोवळा. तो भरेपर्यंत थांबायला आम्हाला काकूंचा संडास जन्माचा लिहून दिलेला नव्हता. संध्याकाळी आबा खटका न उडताच पिशवी घेऊन ओट्यावर बसले.

"उद्या सकाळच्या गाडीनं जातो, माय. आठी आता काय काम माह्यं?"

या माणसाशी भांडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. मी सरळ म्हणाले, "आबा, तुम्ही गेलात तर मला करमणार नाही. पुढे फाटकाजवळ मी स्कूटी लावते ना, तिथे ऊन चांगलं येतं. या केळीचं पिल तिथे लावा."

"अन् तुही गाडी?"

"राहील रस्त्यावर."

आबा उठले आणि पिशवी घेऊन आत गेले.

सकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा ते फाटकाजवळ खड्डा खणत होते, गुडघ्यांना शिव्या देत. घड उतरवला, केळ पाडली, पिल निघालं. पाईप मात्र चिकटवलेलेच नव्हते, त्यामुळे फार तोडफोड न होता एकेक करत बाहेर आले. "पाह्यलं का?" असं आबांनी मला, नवऱ्याला आणि प्लंबरला वेगवेगळं विचारलं.

फाटकाजवळ पिलाला पहिलं पाणी घालून ते मागे आले. प्लंबर नवे पाईप ढाळ बघून मांडत होता. पहिल्या जोडाला लावायला त्याने चिकटद्रव्याचा डबा उघडला आणि अंदाज घेत आबांकडे पाहिलं. आता हे काही बोलणार, अशी आमची सगळ्यांचीच खात्री होती. आबांनी हातातली माती धोतराला पुसली.

"पक्का चिटकव, भाऊ," ते म्हणाले. "आता काही हालवाचं नही."

माझे डोळे भरून आले, आणि ते आबांना दिसू नयेत म्हणून मी घरात गेले. खुंटीवरची पिशवी काढली, धोतरं आणि टोपी कपाटात ठेवली, आणि पिशवी कच्च्या केळ्यांनी भरून काकूंकडे निघाले. या वेळी संडासाला नव्हे, नुसतीच भाजीला केळी द्यायला.