साक्षीला कोण येणार

लासुर्ण्याचा गोकुळ लग्नाला, जत्रेला, सभेला स्पीकर भाड्यानं देतो. वीस वर्षं झाली. सभा कुणाची, हे त्यानं कधी विचारलं नाही. माईक नीट बोलला पाहिजे, एवढंच तो बघायचा.

गेल्या मार्चात पाटाला पाणी सुटेना म्हणून शेतकरी रस्त्यावर बसले, तेव्हाही स्पीकर त्याचाच होता. दुपारी बाराच्या सुमाराला पोलिसांची गाडी आली.

"आवाज बंद कर," फौजदार म्हणाला.

वायर काढायला गोकुळ ॲम्प्लिफायरवर वाकला. गडबडीत त्याचा हात बटणाला लागला आणि कर्णा कुईं करून किंचाळला. यानं मुद्दामच केलं, असं फौजदाराला वाटलं. पहिली काठी पाठीत बसली, दुसरी मांडीवर. "साहेब, बंदच करतोय," म्हणत गोकुळ वळला, तर डाव्या कानावर सणसणीत चपराक बसली. मग सगळ्यांवरच काठ्या सुरू झाल्या. माणसं उसात पळाली. गोकुळला पळता आलं नाही. त्याचा तोलच सावरत नव्हता.

बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाचा पडदा फाटलाय, पहिल्यासारखं ऐकू येणार नाही.

बायकोला, राजेश्वरीला, घेऊन तो तक्रार द्यायला गेला. हवालदारानं जबाब लिहिला आणि सहीसाठी पुढं सरकवला. राजेश्वरीनं तो वाचला. 'पळताना पडून इजा झाली.'

"हे पडलं न्हाईत. सही करायची न्हाय," ती म्हणाली.

"वहिनी, उद्या स्पीकरची परवानगी आमच्याकडंच मागायला यायचंय," हवालदार शांतपणे म्हणाला.

गोकुळनं पेन खाली ठेवलं. घरी येऊन दोघांनी वरच्या कार्यालयात अर्ज धाडला.

चौकशी लागली सात महिन्यांनी. तोवर पाटाला पाणी येऊन गेलं होतं. त्या दिवशी रस्त्यावर दीडशे माणूस होतं. साक्षीला आली एकटी द्वारकाबाई, कोपऱ्यावर भाजी विकणारी. बाकी कुणाची ऊसतोड होती, कुणाच्या घरी पाहुणे.

"त्यो वायर काढत हुता आन् त्याला मारलं. मी समोरच बसले हुते," तिनं सांगितलं.

निकालाचं पत्र आलं : किमान बळाचा वापर, अधिकाऱ्यास समज देण्यात आली. फौजदाराची बदली आधीच झाली होती.

गोकुळनं धंदा सोडला नाही. पण कळस गावच्या एका लग्नात माईक शिट्टी मारायला लागला, आणि ती कुठल्या कर्ण्यातून येतेय ते त्याला उमगेना. तो या टोकाकडून त्या टोकाला धावत राहिला. वऱ्हाडी हसले. तेव्हापासून मिक्सरवर राजेश्वरी बसते.

यंदा परत पाणी लांबलं. गेल्या साली रस्त्यावर बसलेले रामहरी तात्या आठ-दहा जणांना घेऊन स्पीकर सांगायला आले. गोकुळ काही बोलायच्या आत राजेश्वरीनं वही आणली.

"तात्या, स्पीकर देतो आमी. पर काय झालंच तर साक्षीला कोण येणार? त्येंनी आधी नाव लिवावं."



"गेल्या साली मी यायला पायजे हुतो," तात्या खाली बघत म्हणाले आणि त्यांनी वही ओढली. त्यांच्यामागं तिघांनी नावं लिहिली. बाकीचे, घरी विचारून सांगतो, म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी चौकात पोलिसांची गाडी आधीच उभी होती. गोकुळनं टेम्पो लांब थांबवला. बराच वेळ तो खाली उतरलाच नाही. राजेश्वरीनंही घाई केली नाही. मग तो उतरला आणि वायरी उलगडायला लागला.