लाल दोरा न लावलेलं पान

शेजारच्या वहिनींच्या गोष्टींच्या वहीत लाल दोरे जास्त आणि माझ्या वहीत कमी, याचा मला सुरुवातीला अभिमान वाटायचा. माझा धंदाच तसा होता. सुरतेत कतारगामच्या एका लूम कारखान्यात मी फोल्डिंग खात्यात कापडाचे ताके तपासायचो. कापड टेबलावरून ओढत न्यायचं, तुटलेली तार किंवा डाग दिसला की त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचा. ज्या ताक्याला दोरे जास्त, तो सेकंडमध्ये, म्हणजे कमी भावाच्या मालात जायचा. म्हणून वहिनींची वही दोऱ्यांनी झिपरी झालेली पाहिली की मला मनातून बरं वाटायचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोसाडच्या वसाहतीत आम्ही धुळे-जळगावकडची बरीच घरं होतो. मराठी शाळेतल्या एका गुरुजींनी आम्हा लिहिणाऱ्या पाच-सहा जणांना सुट्टीच्या दुपारी वर्गात जमवायला सुरुवात केली. एकाने गोष्ट वाचायची, बाकीच्यांनी मत द्यायचं. पहिले काही महिने सगळे "छान आहे" म्हणून चहाला उठायचे. एकदा गुरुजी वैतागले. म्हणाले, "नुसतं छान म्हणायचं असेल तर वह्या घरी ठेवत जा, चहा मी तसाही पाजीन."

तेव्हा दोऱ्याची युक्ती मीच काढली. वही एकमेकांना घरी द्यायची आणि खटकेल तिथे सुईने समासातून दोरा ओवायचा. गुरुजींनी त्यात एक दुरुस्ती केली. खटकेल तिथेच नाही, वाचताना जिथे जिथे हात थांबेल तिथे दोरा लावायचा आणि का थांबला ते पुढच्या बैठकीत सांगायचं. ही दुरुस्ती मी ऐकली, पण माझ्या डोक्यात शिरली नाही. दोरा म्हणजे खोट, हे माझ्या हातात बसलेलं होतं.

वहिनी आमच्याच ओळीत राहायच्या. त्यांचे यजमान आमच्या कारखान्यात लूम चालवायचे, त्या घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या. शिक्षण सातवीपर्यंत. मी बारावी झालेलो, वजनदार शब्द वापरणारा. त्यांच्या पात्रांच्या तोंडी सरळ अहिराणी असायची, आणि मला ते अडाणीपणाचं वाटायचं. पण बैठकीत त्यांच्या एकेका दोऱ्यावर अर्धा अर्धा तास वाद चालायचा. कोणी म्हणायचं, इथे सासू अशी बोलणार नाही. कोणी म्हणायचं, इथे मला माझी आई आठवली. वहिनी मान खाली घालून सगळं ऐकायच्या आणि पुढच्या वेळी गोष्ट बदलून आणायच्या. माझ्या वहीत दोन-तीन दोरे, तेही बहुतेक वहिनींनीच लावलेले. बाकीच्यांचा हात माझ्या पानांवर कुठे थांबतच नव्हता, हे कळायला मला वर्ष लागलं. कळल्यावर मात्र माझा जळफळाट सुरू झाला. सुचवलेली पद्धत माझी आणि पीक त्यांच्या वहीत, हे मला सहन होईना. त्या बोलायला लागल्या की मी मुद्दाम खिडकीबाहेर बघायचो.

एका पावसाळ्यात त्यांनी दिवाळी अंकासाठी गोष्ट लिहिली. गावाकडच्या एका अंकाला पाठवायची होती आणि टपालाची वेळ गाठायची होती, म्हणून बैठकीपर्यंत थांबता येत नव्हतं. त्या वही घेऊन माझ्या दारात आल्या.

"भाऊ, तुमनी नजर बारीक शे. एकदाव वाची ल्या. जठे खटकी तठे दोरा लावी द्या."

मी जेवण बाजूला सारून वाचली. साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या एका बाईची गोष्ट होती. घरात बारसं असतं, कामाला सुट्टी असते, आणि बाळाला अंघोळ घालताना बाळाच्या टाचेला चिकटलेली टिकली तिला दिसते. ती नखाने हळूच काढते. तिथे माझा हात थांबला. गोष्ट तिथे संपली होती. पण वहिनींनी पुढे दीड पान लिहिलं होतं, बाईचे कष्ट, तिचं नशीब, सगळं समजावून. ते दीड पान गोष्टीचा जीव घेत होतं. सुईत दोरा ओवलेला होता. मला फक्त टोचायची होती.

मी सुई रिळात खुपसून ठेवली. दुसऱ्या दिवशी वही परत देताना म्हणालो, "कुठेच खोट नाही वहिनी. डोळे झाकून पाठवा." त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला लाज वाटायला हवी होती. त्या वेळी वाटली नाही.

महिन्याभराने गोष्ट परत आली. संपादकांनी सोबत चार ओळी लिहिल्या होत्या की गोष्ट चांगली आहे, पण शेवट लांबला आहे, कुठे थांबायचं ते लेखिकेनेच शोधावं. वहिनी कागद घेऊन आल्या. रागावलेल्या नव्हत्या, उलट संपादकांनी स्वतः लिहिलं याचंच त्यांना अप्रूप होतं.

"सांगा भाऊ, मी कोठे थांबाले पाहिजे व्हतं?"

मला वाटलं, आता तरी चांगलं वागावं. मी कागद घेतले, शेवटून तिसरं पान काढलं आणि टिकलीच्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ शोधायला मला एक क्षणही लागला नाही. वहिनी माझ्या बोटाकडे बघत राहिल्या.

"तुमले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या.

मी बोट मागे घेतलं. त्यांनी कागदांची नीट घडी घातली आणि घरी गेल्या. बैठकीत त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. माझ्या गोष्टींना त्या पूर्वीसारखेच दोरे लावत राहिल्या, नेमके, जिथे हवेत तिथे. त्यांची वही मात्र पुन्हा कधी माझ्याकडे आली नाही.

पुढच्या दिवाळीत ती गोष्ट त्याच अंकात छापून आली. स्टेशनजवळच्या स्टॉलवरून मी अंक आणला आणि उभ्याउभ्याच शेवटचं पान उघडलं. बाई नखाने टिकली काढते, आणि खाली पान कोरं. पण मधली दोन वाक्यंही गेली होती, जी मलासुद्धा दिसली नव्हती. ती कोणाला तरी दिसली होती. वहिनींनी कोणाला तरी वही दिली होती, आणि त्या माणसाने प्रामाणिकपणे दोरा लावला होता. तोवर मी वहिनींवर जळत होतो. त्या दिवसापासून त्या माणसावर जळतो आहे.