हात धरून शिकवायचं काम

"तुम्ही हात नका लावू तिला. जेनीला करू दे."

ओवीची आई हे मराठीत म्हणाली. हळू आवाजात, मास्कच्या आतून. जेनीला कळू नये म्हणून मराठीत. आणि मला नीट कळावं म्हणूनही मराठीतच.

परदेशात, शहराच्या कडेच्या ट्रुगानिना उपनगरातलं त्यांचं नवं घर. गराजचं दार वर केलेलं, आत गार वारा शिरत होता. लॉकडाउन नुकताच उठला होता आणि घरी जाऊन मुलं तपासायची परवानगी पुन्हा मिळाली होती. माझं काम तेच. शाळेआधीच्या वयाची मुलं चेंडू झेलतात का, एका पायावर उभी राहतात का, कात्री कशी धरतात, ते बघायचं. जिथे अडेल तिथे मुलाच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि करून घ्यायचं. मी नवी होते म्हणून जेनी सोबत आली होती. आमच्यातली सीनियर, इथलीच, गोरी.

आधी ओवीची आई खूश झाली होती. मूळची पुण्याची, आयटीतली. "अगं, मराठी आहेस? किती बरं वाटलं," म्हणाली. चहा टाकते म्हणाली. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव, मग तालुका. हे प्रश्न मला ओळखीचे आहेत, ते कुठे जाऊन थांबतात तेही. "बरं," एवढंच म्हणाली. त्यानंतर मी 'तुम्ही' झाले. चहाचं नाव निघालं नाही. कोविड आहे, गराजमध्येच करू, असं तिने जेनीला इंग्रजीत सांगितलं. जेनीने हात धुवायला बेसिन विचारलं तर तिला आत नेलं. मला सॅनिटायझरची बाटली दाखवली.

मी गिळलं. कोविडच असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

ओवी चार वर्षांची. चेंडू छातीशी कवटाळून झेलला, एका पायावर डुगडुगली. कात्री मात्र तिला जमेना. दोन्ही हातांनी उघडायला गेली, कागद चुरगळला. "आय कान्ट डू इट," म्हणाली रडवेली होऊन. मी हात पुढे केला. तेव्हा तिची आई ते हात न लावण्याचं बोलली.

माझा हात होता तिथेच राहिला.

गावच्या बालवाडीत बाई एकेकाचा हात धरून पाटीवर अ गिरवून घ्यायच्या. माझ्यापाशी आल्या की म्हणायच्या, "तू बघून काढ." मी बघून काढला. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांनीच बघून काढला. अजूनही मी पेन मुठीत आवळून धरते. इथल्या युनिव्हर्सिटीत एका सरांनी हसून विचारलं होतं, असं धरायला कुणी शिकवलं? कुणीच नाही, हे उत्तर मी दिलं नव्हतं.

जेनीने विचारलं, सगळं ठीक आहे ना? नो वरीज, काही नाही, असं ओठांवर आलंच होतं. इतकी वर्षं तेच म्हणत आले. पण मला रडू फुटलं. इतक्या लांब आले आणि त्या बालवाडीच्या बाई इथेही उभ्याच.

मग मी इंग्रजीत सांगितलं. माझी जात कळली म्हणून ही मला मुलीला हात लावू देत नाही. ओवीची आई पांढरी पडली. नाही नाही, फक्त कोविड, म्हणाली. जेनी गोंधळली. वाद नको, आजच्यापुरतं मी उरकते, म्हणाली. भल्या मनाने म्हणाली. तेच जास्त लागलं.

"नाही," मी म्हटलं. "ही केस माझी आहे. मी करेन, नाहीतर आज होणार नाही."

लॉकडाउनमुळे पुन्हा नंबर लागायला महिनोन्महिने जाणार, हे ओवीच्या आईला ठाऊक होतं. ती बाजूला झाली. मी ओवीच्या मागे बसले. तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. कात्री उघडली, मिटली, कागद रेघेवरून कापला गेला. ओवी हसली. मला हसता आलं नाही.

आम्ही सामान आवरत होतो तेव्हा आत नळ सुरू झाला. नीट चोळ, अजून चोळ, असं आई ओवीला सांगत होती. जेनी म्हणाली, हल्ली सगळेच धुतात. धुतात खरे. पण हे धुणं आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

पुढच्या वेळी दुसरं कुणी पाठवा, असा ओवीच्या आईचा ऑफिसात फोन आला. मी मॅनेजरला नकार दिला आणि कारणही दिलं, जात हा शब्द उच्चारून. त्या घरी मीच जाणार. हात धरूनच शिकवणार. तिला मुलीचे हात धुवायचे तितके धुऊ देत. मी माझा हात मागे घेणार नाही.