दसऱ्यानंतरच्या पुंगळ्या

लढाईमुळे काडतुसं मिळेनाशी झाली, तेव्हा कळसाडीच्या आमच्या घरात रिकाम्या पितळी पुंगळ्यांना सोन्याचा भाव आला. पिकाच्या राखणीसाठी यजमानांकडे परवान्याची जुनी रायफल होती. एका वेळी एकच काडतूस घेणारी. बार झाला की पुंगळी फुगते, आणि फुगलेली पुंगळी पुन्हा रायफलीत शिरत नाही. म्हणून ती लोखंडी साच्यात ठोकून सडपातळ करायची, मग बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि शिशाची गोळी भरायची. मला या विद्येची काडीची हौस नव्हती. पण यजमानांनी पाट मांडला होता तो माझ्या चुलीशेजारी, त्यामुळे कणीक मळता मळता सगळं शिकले.

दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळी उसाच्या फडात रानडुकरानं आमच्या सालदाराची मांडी फाडली. त्याला बैलगाडीत घालून शहाद्याला नेलं. डुक्कर अजून फडातच होतं, आणि गावातली माणसं येऊन आमच्या ओट्यावर बसली. रायफल एकच, ती आमची. त्यांचं म्हणणं कुणी तोंडानं बोललं नाही, पण नुसतं बसून राहणंही माणसाला उठवतंच.

घरात भरलेलं काडतूस एकच उरलं होतं. एका गोळीत डुक्कर पडलं तर ठीक, नाहीतर ते सरळ अंगावर येतं हे मला सासरी आल्यापासून ऐकून ऐकून पाठ होतं. यजमान घाईघाईनं पुंगळ्या साच्यात ठोकायला बसले. ठोकलेली पुंगळी रायफलीत घालून बघितली, तर रायफलीचं तोंड बंद करणारा खालचा दांडा पुरता मिटेना.

"बशी नही ऱ्हायनी," ते म्हणाले.

"तेल लाव ना मंग," सासूबाई म्हणाल्या.

"लायेल शे, माय."

तेल जास्त झालं असेल म्हणून पुसून बघितलं. दुसरी पुंगळी घेतली, तिसरी घेतली. पितळ जुनं झालं असेल म्हणाले, रायफलीतच घाण असेल म्हणाले, नळीत चिंधी फिरवली. ओट्यावर कुणीतरी खोकलं. शेवटी ते रायफल मांडीवर टाकून म्हणाले, "जाऊ दे, एक त शे ना."

मला राग आला. भीती वाटली की मला आधी रागच येतो. "एकच घीसन जाशात त मी आडवी पडसू दारमा," मी म्हणाले, सासूबाईंच्या देखत. त्यांनी मला दटावलं नाही, यावरून त्यांचीही गत कळली.

मग यजमानांनी चिमणी पेटवायला सांगितली. पुंगळी ज्योतीवर धरून काजळानं काळी केली, रायफलीत सारली आणि बाहेर काढली. काजळ एकाच जागी घासलं गेलं होतं, पुंगळी गळ्याकडे निमुळती होते तिथं. म्हणजे तेवढा भाग साच्यात दबतच नव्हता. पुंगळी साच्याच्या तळापर्यंत जातच नव्हती. पण दसऱ्याआधी तर त्याच साच्यातून सगळ्या नीट निघाल्या होत्या.

त्यांनी साचा उजेडाकडे धरला. खिळा घालून आत खरवडलं, तर लाल-पिवळी खपली पडली. तेलानं घट्ट झालेलं हळदकुंकू, आणि त्यात चेचलेल्या अक्षता.

दसऱ्याला नांगर, विळे, रायफल आणि हा साचाही पाटावर मांडला होता. पूजा सासूबाईंनीच केली होती. त्यांनी ती खपली उचलून तळहातावर घेतली.

"सगळास्ले वरथून लावं," त्या म्हणाल्या. "यान्हं तोंड उघडं व्हतं, म्हनीसन मझार बी टाकं. तुले काही व्हवाले नको म्हनीसन."

यजमानांनी आईच्या हातात साचा दिला, आणि त्यांनी तो माझ्याकडून गरम पाणी आणि राखुंडी घेऊन घासला. इतकं जपून त्यांनी कधी देवाचं भांडंही घासलं नसेल. मग मी राखेचा कणही उरू नये म्हणून पदरानं आतून पुसला. पहिली पुंगळी ठोकली, रायफलीत घातली, दांडा मिटला. भराभर आणखी चार ठोकून, भरून ते माणसांबरोबर गेले.

घरात दांडा मिटला होता खरा. पण फडात, समोरून डुक्कर येताना, घामेजल्या हातानं तो मिटेल का? मी भाकरी थापायला घेतली आणि तव्यावर टाकायचं विसरले. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. पाट दिला, बसल्या नाहीत. पाणी दिलं, घेतलं नाही.

ऊन कलल्यावर फडाकडून बार ऐकू आला. मग माणसांचा गलका. मग काहीच नाही. पहिला बार आधीच्या, भरवशाच्या काडतुसाचा, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं, बांगडी हाडात रुतली तरी मी हलले नाही.

दुसरा बार झाला.

"बसनी," सासूबाई म्हणाल्या, "पुंगळी बसनी वं." आणि मग त्या तिथंच उंबऱ्यावर खाली बसल्या.