जुन्या खोक्यातली नवी बॅटरी

दातांचे डॉक्टर निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत घरात नकोसे झाले. चाळीस वर्षं लोकांच्या जबड्यांत वावरलेले हात नुसते शिवशिवत होते. चांगला चालणारा मिक्सरही ते 'तपासायला' घ्यायचे.

तेवढ्यात ताईची मोटार बंद पडली. ताई म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. मोटार वडिलांची, ताईपेक्षा दोनच वर्षांनी लहान. दर वेळी आतल्या पट्ट्या बदलून चालवलेल्या जुन्या बॅटरीने राम म्हटला होता, आणि पट्ट्या बदलून देणारं आता कोणी उरलं नव्हतं. दुकानदाराने नवी आणून दाखवली, पांढऱ्या प्लास्टिकची, वर भडक लाल पट्टी. ताईने धाडकन बॉनेट बंद केलं.

"बाबा या काळ्या रबरी खोक्यात स्वतः पाणी घालायचे. ते फेकणार असाल तर मोटारही फेका."

"मग नवी आतच बसवू," डॉक्टर म्हणाले. "खोकं जुनं, पोट नवं."

"जमेल तुला?"

"ताई, हजारो दाढा काढल्यात मी!"

"काढल्यास रे. परत बसवल्यास किती?"

दुकानदाराने आतलं आम्ल काढून दिलं. डॉक्टरांनी हातमोजे चढवून खोकं सोड्याच्या पाण्याने धुतलं. झाकण चिकटवणारं वरचं डांबर बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने, अर्थात तिला न विचारता, मऊ केलं आणि झाकण तीन बुचांसकट अलगद उचललं. शिशाच्या पट्ट्या पकडीने एकेक उपटताना सवयीने "दुखतंय का?" असंही विचारून झालं. मधल्या भिंती कापल्या, तितक्याच व्होल्टची नवी बॅटरी आत सोडली आणि तिथेच घोडं अडलं. झाकण अर्धं बोट वर राहिलं. उंची मोजली होती ती खोक्याच्या बाहेरून!

"अहो, सगळा जन्म आत डोकावण्यात गेला ना तुमचा?" बायको म्हणाली.

डॉक्टर दुकानात जाऊन ठेंगणी बॅटरी घेऊन आले. ती हलू नये म्हणून बाजूंनी रबराचे तुकडे ठोसले, जाड तांब्याच्या तारा जुन्या टोकांना जोडल्या, झाकण बसवून डांबर ओतलं. दुकानदार मुद्दाम बघायला आला. त्याने खोक्याला दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "नवी बसवायची राहिलीय का अजून?"

ताईने बटण दाबलं. मोटार कण्हली, खोकली आणि सुरू झाली. डॉक्टर हात पुसून शेजारी बसायला येईपर्यंत ती फाटकाबाहेर गेलीसुद्धा.

ताई तीन तासांनी परतली. डॉक्टर फाटकातच उभे होते.

"अगं, होतीस कुठे? तार सुटली की काय म्हणून जीव टांगणीला लागला माझा!"

"शाळेतल्या मैत्रिणीकडे गेले. तिला घेऊन धरणापर्यंत जाऊन आले. उद्या परत जायचंय."

"आणि मी?"

"चल की. पण मागे बस, पुढे ती बसते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मागे बसले. पुढे दोघींची अखंड टकळी चालू होती. बॅटरीचा विषयसुद्धा निघाला नाही. जाताना प्रत्येक चढावर ते कान टवकारून होते. येताना मात्र खिडकीला डोकं टेकून गाढ झोपले.