ओलांडलेला ताणा

आमच्या शहापूरच्या विणकर गल्लीत एक कायदा होता, आणि तो सरकारचा नव्हता. साडीचा ताणा, म्हणजे उभे दोरे, खळ पाजायला गल्लीत लांबलचक बांधला की तो कुणी ओलांडायचा नाही. पलीकडे जायचं तर खालून वाकून जायचं, म्हातारी असो की पोर. ताणा म्हणजे घरची लक्ष्मी. मीही लहानपणापासून वाकतच आले होते.

त्या वर्षी माझी मराठी सातवीची फायनल होती. ती पास झालं की शाळेत शिकवायची नोकरी मिळायची. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "तुला वाचता येतं, तेवढं पुष्कळ. फायनल वकिलांच्या मुलींना शोभते." अंगाला खळीचा आंबूस वास येतो म्हणून मला मागं बसवणाऱ्या त्या याच बाई. घरी आप्पांचाही तोच सूर. "मागावर बसाय फायनल कशाला लागतीया?" एक शिकलेल्या, एक अडाणी, पण माझी जागा ठरवताना दोघांचं कसं गूळपीठ! माझं डोकंच फिरायचं.

परीक्षेच्या सकाळीच आप्पांनी ताण्याची पाजणी काढली. मुद्दाम. खळ वाळायच्या आत कुंचा फिरवून दोरे सुटे करावेच लागतात, मध्येच हात सोडता येत नाही. मी कुंचा फिरवला. दोरे सुटे झाल्यावर हात धुतले, तर आप्पा म्हणाले, "अजून एक ताणा हाय. कुठं चाललीस?"

मी आमच्या कट्ट्यावर चढले, लुगडं आवरलं आणि सगळ्या गल्लीदेखत ताण्यावरून पलीकडे उडी मारली.

"लक्ष्मी ओलांडलीस गं!" आप्पा ओरडले.

"व्हय, ओलांडली! आज वाकायची न्हाय मी."

मी पास झाले. पण पुढं मागावर दोरा तुटला की आप्पा माझ्याकडे बघून म्हणायचे, "ही त्या उडीची फळं." मी म्हणायची, "तुटू द्या. गाठ मारा." आई तोंडाला पदर लावून हसायची.

वडगावच्या मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाली. पहिल्या दिवशी निघाले, तर गल्लीत पुन्हा ताणा बांधलेला. अंगावर नवं लुगडं. मी भांडायच्या तयारीनंच कट्ट्याकडे वळले. आप्पांनी टोकाचा दोर सैल केला, जवळ आले आणि दोन्ही तळव्यांनी ताणा खाली दाबून धरला.

"उडी नगं मारूस, लुगडं फाटंल," ते म्हणाले. "ओलांड."